आण्णा, बोट आणि तेलाचा थेंब

बोटीविषयी मराठीत लिहायचं म्हणजे थोडी पंचाईतच आहे. वल्हं, शीड, नांगर, सुकाणू इथपर्यंत आपली भाषा ऐटीत चालते, पण मागच्या इंजिनापाशी आली की गप्प होते. 'ट्रिम'ला काय म्हणायचं हे मला अजून सुचलेलं नाही, तेव्हा ट्रिमच म्हणतो. कोणाला चांगला शब्द माहीत असेल तर जरूर कळवा.

पुण्याच्या मावशीसाठी आधी खुलासा. ("तुला बोट कशाला हवी होती रे?" हा तिचा प्रश्न गेली चार वर्षं अनुत्तरित आहे, तो आजही तसाच राहणार आहे.) आमची बोट अठरा फुटी, जुनी, दुसऱ्याच्या हातची. इंजिन बोटीच्या पोटात आणि पंखा फिरवणारा पाय मागे बाहेर लटकलेला. हा पाय आत-बाहेर कलवता येतो, त्याला ट्रिम म्हणायचं. निघताना तो आत घ्यायचा, म्हणजे नाक फार वर उचलत नाही. वेग आला, बोट पाण्यावर आडवी झाली, की थोडा बाहेर काढायचा. मग बोट हलकी पळते आणि पेट्रोलही कमी पिते. जास्त बाहेर काढला तर मात्र ती बेडकासारखी उड्या मारायला लागते. उथळ पाण्यात आणि ट्रेलरवर चढवताना पाय पार वर उचलावा लागतो. आमचं विनेबागो सरोवर विस्कॉन्सिनमधलं सगळ्यात मोठं, पण सगळ्यात खोल जागीही जेमतेम २१ फूट. काठाला दगड आणि शेवाळ. ट्रिम नसेल तर इथे बोट असून नसल्यासारखीच.

हे सगळं दोन बाजूंचे दोन हायड्रॉलिक सिलिंडर करतात. बटण दाबलं की विजेचा छोटा पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या त्या जड पायाला उचलतो. बंद जागेतल्या द्रवावर कुठेही दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. शाळेत आपण ते पाठ केलं, पाच मार्कांना लिहिलं आणि विसरलो. त्याची दुसरी बाजू शाळेत कोणी सांगत नाही. दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणजे जिथे एक कमकुवत जागा असेल तिथेही तितकाच पोचतो.

मागच्या जुलैत ती जागा सापडली. संध्याकाळी वर उचललेला पाय सकाळी खाली लोंबकळत होता, पंपाच्या डब्यातलं तेल बोटभर उतरलं होतं आणि धक्क्याशी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. पाण्यावर असं तेल सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. बोट मुकाट्याने ट्रेलरवर घातली आणि घरी आणली. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर हंगाम ऐन भरात, तीन आठवड्यांनंतरची तारीख आणि खर्चाचा असा आकडा की तो मावशीपासून लपवलेलाच बरा :-)

त्या वेळी आण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले होते. वय ७८. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. हायड्रॉलिक जॅक, उसाच्या ट्रॉल्या उलट्या करणारे सिलिंडर, असली दुरुस्तीची कामं. हात थरथरायला लागले तसं २०१४ साली त्यांनी ते बंद केलं. चार वर्षांनी आई गेली. इथे येणाऱ्या आईवडिलांचं काय होतं हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सकाळी फिरून यायचं, दुपारी खिडकीत बसायचं आणि परतीच्या तिकिटाची तारीख मोजायची. आण्णा तर मुळातच कमी बोलणारे. दोन महिन्यांत त्यांनी मला काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात आले, बोटीच्या मागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "टाल्कम पावडर हाय का घरात?"

मला वाटलं घामोळं आलं असेल.

पावडर सिलिंडरसाठी हवी होती. आधी सगळं चिंधीने कोरडं पुसायचं, वर पावडर भुरभुरायची, मग पाय दोन-तीनदा वरखाली करायचा. जिथे पावडर ओली होईल तिथे गळती. पाच मिनिटांत कळलं: डाव्या सिलिंडरचं तोंड, जिथून दांडा आत-बाहेर करतो तिथलं सील. उजवा कोरडा ठणठणीत. आण्णांनी पुढचा हिशोबही तिथेच मांडला. डब्यातलं तेल न उतरता पाय खाली येत असेल तर दोष आत, पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा दट्ट्याच्या सीलमध्ये. तेल उतरतंय म्हणजे ते बाहेर जातंय. "भाईर जातंय ते सोपं. आतल्या आत गळतं ते अवघड."

सिलचा संच तीन दिवसांत आला. आण्णांचं विमान नऊ दिवसांवर होतं.

काम सांगायला सोपं आहे. पाय पूर्ण खाली आणायचा, कारण उचललेल्या वजनाखाली हात घालायचा नसतो आणि नळ्यांतला दाबही उतरायला हवा. नळ्या हळू सोडायच्या, डोळ्यांवर चष्मा, सुटलेल्या तोंडांना लगेच बूच. सिलिंडर काढून टेबलावर. त्याच्या तोंडावर आट्यांचं झाकण असतं, त्याला दोन भोकं, त्यात दोन खुंट्यांचा पाना बसतो. आमचं झाकण गंजून सिलिंडरशी एकजीव झालेलं. मी हातोड्याकडे पाहिलं, आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी गरम हवेच्या गनने शेकलं, पुन्हा तेल, पुन्हा शेक. दुसऱ्या दिवशी दुपारी ते 'कट्' करून हललं. आतलं तेल दुधाळ चहासारखं. म्हणजे सीलमधून नुसतं तेल बाहेर जात नव्हतं, पाणी आतही येत होतं.

आता सगळं दांड्यावर अवलंबून होतं. दांड्याला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील महिनाभरात फाटतं. मग अख्खा सिलिंडर मागवायचा, आणि तो आण्णा जाईपर्यंत येणार नव्हता. आण्णांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख दांड्यावरून सावकाश फिरवलं. तो हात भाकरीचा तुकडा मोडताना थरथरतो. दांड्यावर तो थरथरत होता की नाही ते मला आता आठवत नाही, कारण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एका जागी नख अडलं. "इथं." मी बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा गोल गोल घासली. चिकटलेला क्षार होता, खड्डा नव्हता. त्यांनी पुन्हा नख फिरवलं. अडलं नाही.

सील आणि ओ-रिंग बसवायला मात्र त्यांचे हात चालेनात. दोनदा प्रयत्न केला, मग रिंग माझ्यापुढे ठेवली. गरम पाण्यात घालून मऊ करायची, तेलाचा हात द्यायचा, सीलचा ओठ तेलाच्या बाजूला, आणि बसवायची ती बोटांनीच. "लोखंड लावायचं न्हाई. एक ओरखडा आला की झालं."

या रबरी कडीची गंमत बघा. ती शोधणारा नील्स क्रिस्टेन्सन मूळचा डेन्मार्कचा, १८९१ साली अमेरिकेत आला आणि इथून जवळच्याच मिलवॉकीत ब्रेकवर काम करत राहिला. ओ-रिंगचं पेटंट त्याला १९३९ साली मिळालं, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. आणि २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीने कडक झालेली असलीच एक कडी दाब धरू शकली नाही, म्हणून चॅलेंजर यान सात माणसांसह कोसळलं. हे मी आण्णांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "वॉशरला स्वस्त समजू नये."

मी दुसरी रिंग बसवत होतो तेव्हा जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. उद्यमनगरात वाढलो, पण मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. दुकानात गेलो की चहा पाजून घरी पाठवायचे. मी समजत होतो की माझ्या हातांत ते नाही असं त्यांना वाटतं.

आण्णा बराच वेळ चिंधीने दांडा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुला जमलं असतं. म्हणूनच न्हाई शिकवलं. एकदा जमलं असतं तर तू तिथंच ऱ्हायला असतास."

यावर काय बोलायचं असतं? मी झाकणाचे आटे पुसले.

सगळं परत जोडलं, नवं तेल भरलं. पाय वरखाली, वरखाली. पहिल्यांदा पंप घरघरला, तेलात फेस आला, कारण नळ्यांत हवा होती. थांबायचं, फेस बसू द्यायचा, पाय पूर्ण खाली असताना पातळी बघायची, भर घालायची, पुन्हा तेच. पाच-सहा वेळांनंतर आवाज एकसारखा झाला. रात्री पाय वर ठेवून खाली स्वच्छ पुठ्ठा पसरला. सकाळी आण्णा माझ्या आधी उठून तिथे उभे होते. पुठ्ठा कोरडा होता.

दोन दिवसांनी त्यांना विनेबागोवर फिरवून आणलं. नजारा बघण्यात त्यांना फारसा रस नव्हता, सगळा वेळ मागे वळून सिलिंडरकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता फोनवर तब्येत, हवा, नातवंडं हे सगळं नंतर येतं. पहिला प्रश्न असतो, "तेल किती उतरलं?" भर हिवाळ्यात, सरोवरावर बर्फ जमून लोक त्यावर गाड्या चालवत असताना, ताडपत्रीखाली वाकून मी डब्याची रेघ बघतो आणि सांगतो, "तिथंच आहे, आण्णा." गेल्या आठवड्यात मात्र उजवा सिलिंडर थोडा ओलसर वाटला. सीलचा संच मागवलाय. आण्णांना कळवलं तर आवाजात चक्क उत्साह. म्हणाले, "घाई करू नको. आधी पावडर टाक."