मॅट आधी पुरती वाळू दे

चि. मुक्ता,



गाडीत कुबट वास सुटलाय, आता त्या कार्पेटच्या मॅट फेकूनच देते, असं तू फोनवर म्हणालीस. एवढ्यात फेकू नकोस. गोठ्यागोठ्यांतून फिरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरणीच्या गाडीत माती, शेण, पेंढ्याची कुसं येणारच, आणि सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. मॅट मळण्याला इलाज नाही. ती वाळवणं मात्र आपल्या हातात असतं, आणि वास येतो तो तिथेच चुकल्यामुळे.

ओल्या चिखलाला हातच लावू नकोस. तुमच्याकडची जांभ्याची माती तांबडी दिसते ती लोखंडाच्या गंजामुळे. हा गंज साबणाच्या पाण्यात विरघळत नाही, कण न् कण बाहेरच काढावा लागतो. ओला असताना चोळलास तर धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतो आणि मग मॅटवर तांबूस झाक राहते ती राहतेच. म्हणून आधी चिखल खडखडीत वाळू दे. मग मॅट कठड्यावर उलटी टाकून मागून काठीने धोपट. किती माती पडते ते बघून तुलाच नवल वाटेल. त्यानंतर सुलटी करून कपडे धुवायच्या ब्रशाने उभी-आडवी झाड. कुसं आणि जनावरांचे केस ब्रशाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी तुझ्याकडचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरव, सगळं गोळा होऊन येतं. पावसाळ्यात बहुतेक वेळा एवढंच पुरतं. पाण्यापर्यंत जायची गरजच पडत नाही.

पाणी लागलंच तर अर्धी बादली कोमट पाणी आणि त्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड. त्याहून जास्त नको. राहिलेला साबण चिकट होतो आणि धूळ धरून ठेवतो. धुतलेली मॅट आठवड्यात पुन्हा काळी पडते त्याचं कारण बहुधा हेच असतं. ब्रश बुडवून झटकून घे आणि फेसाफेसानेच घास. मग स्वच्छ पाणी वरून खाली सोडत राहा, खालून निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा मोह होईल, पण नको: मागचं रबर तडकतं आणि राहिलेली वाळू मशीनमध्ये जाते.

डागांचं तुझ्या कामापुरतं सांगते. शेतकरी प्रेमाने चिकाची किटली देतात आणि ती घाटाच्या वळणावर लवंडते. त्यावर कढत पाणी ओतलंस तर धाग्यांतच खरवस होईल. आधी गार पाण्याने टिपून घे, मग कपड्यांच्या एन्झाइमवाल्या डिटर्जंटचं पातळ पाणी लावून थोडा वेळ राहू दे. आयोडीनच्या तपकिरी डागावर क जीवनसत्त्वाची पूड पाण्यात कालवून लाव, रंग डोळ्यांदेखत जातो. डिझेल किंवा ग्रीस सांडलं तर पाणी लावायच्या आधी कॉर्नफ्लोअर पसरून ठेव, तेल शोषलं गेलं की झाडून टाक. ब्लीचच्या वाटेला जाऊ नकोस, मॅटचाच रंग उडतो.

आता खरं काम. धुतलेली मॅट जुन्या टॉवेलात गुंडाळ आणि त्या वळकटीवर पाय देऊन उभी राहा. टॉवेल बदलून पुन्हा तेच कर. पिळायला जाऊ नकोस, रबराला घड्या पडतात. मग पडवीत दोरीवर अशी टाक की दोन्ही बाजूंनी वारा लागेल, आणि खाली पंखा लाव. कडक उन्हात रबर वर करून ठेवू नये, ते कडक होत जातं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ओल गेली नाही तर बुरशी धरायला लागते, म्हणून आषाढात सलग उघडीप दिसत नसेल तर धुवायलाच काढू नकोस. वरून कोरडी लागली म्हणून फसू नकोस, ओल रबराला चिकटून खाली असते. मॅटवर कोरडा टिश्यू ठेवून टाचेने दाब. तो जरा जरी दमट झाला तर मॅट गाडीत जायची नाही. वाळलेल्या मॅटवर रात्रभर खायचा सोडा पसरून सकाळी झाडून टाकलास तर उरलासुरला वासही जाईल. आरशाला सुगंधी कागद टांगून काही होत नाही.

एवढं करूनही वास राहिला तर मॅट उचल आणि गाडीचं मूळ कार्पेट बोटांनी दाबून बघ. पाऊस नसताना डाव्या बाजूची पुढची जागा ओली लागली तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याचा संभव आहे. ओलावा गोडसर वासाचा आणि चिकट असेल तर तो कूलंट समज आणि लगेच मेकॅनिककडे जा.

लाळ्या-खुरकुताच्या साथीत रोग बुटांवरून, चाकांवरून या गोठ्यातून त्या गोठ्यात जातो, हे मला तूच शिकवलंस. शेणमाती अडकलेल्या कार्पेटवर जंतुनाशकाचा जोर चालत नाही, हे तर तू माझ्याहून चांगलं जाणतेस. त्यामुळे गमबूट डिकीत टबात ठेव आणि कामाच्या महिन्यांत कार्पेटच्या मॅट काढून त्यांच्या जागी रबरी ट्रे घाल. ट्रे रोज धुता येतो. कार्पेटवर मात्र ट्रे रचू नकोस.

यासाठी मी हट्ट धरून बसणार आहे, मुक्ता. २००९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट घातलेली होती. ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि गाडीतली चौघंही गेली. महिन्याभरात टोयोटाने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या पायाखालची मॅट काढून ठेवायला सांगितलं. तू रात्री-अपरात्री, एखादी गाय अडलीय म्हणून आंबोलीच्या घाटातून एकटी गाडी काढतेस. मॅट वाळवून परत घालताना चालकाच्या बाजूचे दोन्ही हूक टक्‌ करून बसलेत ना, हे हाताने ओढून बघ. मग इंजिन बंद असताना तिन्ही पेडल पूर्ण दाबून सोड. एकही पेडल मॅटला घासता कामा नये. हूक तुटला असेल तर नवा मिळेपर्यंत त्या बाजूला मॅट न घालता चालव. कार्पेट मळलं तर मळू दे.

रबरी ट्रे मी इथे कोल्हापुरातून घेऊन ठेवते, चतुर्थीला येशील तेव्हा घेऊन जा. गाडीचं मॉडेल आणि साल तेवढं कळव, अंदाजाने घ्यायचे नाहीत.

तुझी,
मावशी