कानशीचा वस्तरा

आमच्या घरी पत्र्याचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरून आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो केला होता. वस्तऱ्याच्या पात्याचा तो नमुना. आण्णा गेले, गिरणी बंद पडली, तरी हा तुकडा राहिला.

यंदा वस्तीतल्या विहारात श्रामणेर शिबिर ठरले आणि भन्तेजींना अष्टपरिष्कार दान देण्याचा विषय निघाला. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळायचे फडके आणि वस्तरा. बाकी सगळ्याची वाटणी झाली. वस्तरा दुकानातून आणू, असे कार्यकर्ते म्हणाले. आम्ही म्हणालो, वस्तरा आम्ही करतो. सगळे हसले. कारकुनाने वस्तरा करायचा म्हणजे हसण्यासारखेच आहे.

पण आमच्या घरात वस्तरा ही साधी वस्तू नव्हती. आजोबा मोहोळ तालुक्यातले. गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण महारवाड्यात पाऊल टाकायचा नाही. बाबासाहेबांनीही आठवणीत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यात पैसे द्यायची ऐपत असूनही न्हावी मिळत नसे आणि भावंडांचे केस थोरली बहीणच कापत असे. आमच्या आजोबांची दाढी आजी करायची, झिजून काडीएवढ्या उरलेल्या वस्तऱ्याने. आम्ही न्हाव्यावर राग धरत नाही. तोही बलुतेदार. आमच्या दाढीला हात लावला असता तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. आणि तथागतांच्या संघातला उपाली न्हावीच होता की! शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी त्याला दीक्षा द्यायला लावली. उपाली संघात वडील ठरला आणि राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले.

१९५६ साली धम्म घेतला, तरी गावातले दुकान आमच्यासाठी बंदच होते. पुढे आण्णा सोलापुरात एका गिरणीच्या वर्कशॉपला लागले. तिथे टाकून दिलेल्या कानशी मिळत. त्यातल्या एका कानशीचा त्यांनी आजोबांसाठी वस्तरा केला.

आम्ही तीच रीत धरली. जुनी १० इंची चपटी कानस घेतली. चांगल्या कानशीच्या पोलादात कार्बन शेकडा १ च्या आसपास असतो, म्हणून धार टिकते. स्वस्तातल्या काही कानशी वरवरच कठीण असतात, त्या उपयोगाच्या नाहीत. कानस लालबुंद तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवली, म्हणजे ती मऊ पडते. नाहीतर करवतीचे पाते तिच्यावर नुसते घसरते. मग दाते घासून काढले, निळी शाई फासली, वर पत्र्याचा नमुना धरून टोकदार खिळ्याने रेघ ओढली. कापायचे रेघेच्या बाहेरून आणि रेघेपर्यंत घासत यायचे. मुठीच्या खिळ्याचे भोक आधीच पाडून घ्यायचे, कारण पाणी दिल्यावर ड्रिल चालत नाही. धारेची बाजूही तेव्हा पातळ करायची नसते. नखाएवढी जाड ठेवली नाही तर पाते वाकडे होते.

खरी मेख मापात आहे. पात्याची उंची ६ सूत, पाठीची जाडी पावणेदोन सूत. पथरीवर वस्तरा आडवा फिरवताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. आम्ही कागदावर हिशेब मांडला, तो १६-१७ अंश आला. पाठ बारीक केली तर धार नाजूक होऊन मोडते, जाड ठेवली तर केस ओढते. चौथी शिकलेल्या आण्णांनी हा कोन कधी मांडला नसणार. कुणाचा तरी चांगला वस्तरा हाती घेऊन माप उचलले असेल. पण तो त्यांच्या हाती दिला कुणी, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.

पात्याला शेपटी जुळते तिथे आण्णांच्या नमुन्यात कोपरा गोल होता. आम्हाला वाटले, कातरताना हात हलला असेल. आम्ही तो काटकोनात स्वच्छ कापला. पाते लाल केले, चुंबक चिकटेनासे झाल्यावर कोमट तेलात बुडवले. टिच्च आवाज आला. बरोबर त्या कोपऱ्यातून पाते तडकले होते. दोन रविवारांची मेहनत तेलात गेली. आण्णा असते तर म्हणाले असते, "आरं, नमुना कशाला ठेवला होता मग?"

दुसरे पाते आता कापून तयार आहे, गोल कोपऱ्याचे. रेघ आमच्या मुलीने ओढली. शिबिरात मुलांची डोकी मात्र या वस्तऱ्याने करायची नाहीत. एकाच धारेने अनेकांची डोकी केली तर कावीळ, एड्ससारखे रक्तातले आजार पसरू शकतात. प्रत्येकाला नवे ब्लेड लावायचे, हे ठरले आहे.

डोकी करायला नाक्यावरचे सलूनवाले स्वतः येणार आहेत, पैसे न घेता. परवा त्यांना पाते दाखवले. त्यांनी पाठ बोटाने चाचपली, उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, पाणी देऊन माझ्याकडे आणा. आमच्या आज्याची पथरी आहे, धार मी लावतो."

पाणी द्यायचे अजून बाकी आहे. येत्या रविवारी भट्टी पेटवू.