भावडबारीपलीकडची बोली

नाशिकहून सटाण्याला निघालेली एस.टी. पिंपळगाव बसवंत मागे टाकते, सोग्रस फाट्याला वळते आणि भावडबारीचा घाट ओलांडून देवळ्याला पोचते, तोवर गाडीतली भाषा बदललेली असते.

“तुना अंडोर उना का?”

“नही, नाशिकले गया.”

पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचा हा संवाद. अंडोर म्हणजे मुलगा, एवढे कळले की बाकीचे आपोआप उलगडते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ मुलखाची ही अहिराणी.

शहरात तिला सर्रास ‘अशुद्ध मराठी’ म्हणतात. पण भाषेचे कूळ नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. शब्द उसने मिळतात. टेबल मराठीत आले म्हणून आपण काही इंग्रजांचे भाऊबंद झालो नाही! पाहायची ती सर्वनामे, प्रत्यय, क्रियापदांची रूपे. आपल्या ‘माझा’ला अहिराणी ‘मना’ म्हणते, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘गेला’ला ‘गया’. आता गुजरातीचे ‘छे’ आणि ‘गयो’ आठवून पाहा. उलट ‘माले’, ‘तुले’ कानी पडले की थेट वऱ्हाडात आल्यासारखे वाटते.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने 1907 साली खानदेशीला मराठीत न धरता भिल्ली बोलींबरोबर, गुजरातीच्या शेजारी बसवले. याच कोनोने 1909 च्या खंडात हिमालयातल्या तिबेटी-ब्रह्मी कुळाच्या लहानसहान भाषांचीही वर्गवारी केली. तिथे काही भाषांत क्रियापदालाच ‘मी’, ‘तू’ चिकटलेले पाहून त्याने तो मुंडा भाषांचा संस्कार मानला. ही लकब त्या कुळातलीच जुनी, असे पुढे अनेकांनी म्हटले. तेव्हा कोनोचा शब्द शेवटचा नव्हे. अहिराणीला मराठीचीच बोली मानणारे अभ्यासकही आहेत. माझे मत विचाराल तर कापड गुजरातीकडचे, त्यावरचे भरतकाम मराठीचे.

आमच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे. त्याचे बोट धरून अहिराणीला थेट आभीरांपर्यंत नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण त्या लेखात अहिराणीचा मागमूसही नाही, आणि नुसत्या नावावरून वंशावळ सिद्ध होत नाही.

2011 च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली. तिचे भाषक 18 लाखांवर भरले आणि त्यांत बहुतेक अहिराणीचे. तरी माझ्या वर्गातला सटाण्याचा एक हुशार मुलगा आईचा फोन आला की व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बोलतो. परवा त्याला मी ‘शे’ची सगळी रूपे लिहून आणायला सांगितली. दोन पाने भरून आली. तिसऱ्या पानावर आजीला विचारून लिहिलेली आणखी काही होती. ती त्यालाही नवीन होती.