होळीच्या आधीचा रविवार

आमच्या ग्रुपचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, दसऱ्याला होतं. सकाळी गाड्या धुवायच्या, हँडलला झेंडूचा हार, हेडलाइटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू ठेवायचं की नाही यावर दर वर्षीचा ठरलेला वाद, आणि मग सीमोल्लंघन. पुण्याहून सातारा रस्त्याला लागलं की सारोळ्याला नीरा नदी ओलांडून आपण दुसऱ्या जिल्ह्यात जातो. तेवढं सीमोल्लंघन आम्हाला पुरतं. पलीकडे चहा प्यायचा, एकमेकांना आपट्याची पानं द्यायची, परत यायचं. सीझन सुरू.

आणि होळीला तो संपतो. 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण घरात बसलेल्या माणसाला गंमत वाटते, पण खांदे, कोपर आणि पाठीला पॅड लावलेलं जॅकेट घालून सकाळी अकराला सिग्नलवर उभं राहिलात की ती म्हण अंगाला येते. खालून इंजिनाची धग मांड्यांवर, वरून ऊन, हेल्मेटच्या आत घामाची धार थेट डोळ्यात. पावसाळ्यात आम्ही जात नाही. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची जत्रा असते, दरडी असतात, वळणावर ट्रकच्या चाकांनी आणलेला चिखल असतो. 'पावसात नाही तर मग मजा कधी' असं म्हणणारे खूप आहेत, त्यांना शुभेच्छा. म्हणजे उरतात दसरा ते होळी मधले साधारण 20 रविवार. त्यातून लग्नं, बारशी, ऑफिसचे रिलीज, कुणाची पाठ, कुणाचा हप्ता हे वजा करा. हाती लागतात आठ-नऊ राइड्स.

ऑक्टोबरमध्ये आम्ही 14 जण होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही 23 आहेत, पण ती संख्या म्हणजे जुन्या चाळीच्या दारावरच्या पाट्यांसारखी आहे. एक जर्मनीला गेला, त्याची गाडी त्याच्या भावानं विकली. एकाला जुळं झालं. एकीचं लग्न ठरलं आणि तिकडच्यांना 'हे गाडीचं' पसंत नव्हतं. याबद्दल मला खूप बोलायचं आहे, पण ती परत येईल अशी मला आशा आहे म्हणून इथे थांबते. होळीच्या आधीच्या रविवारी पंपावर आम्ही नऊच होतो.

आमच्यात कुणाला नावानं हाक मारत नाहीत, गाडीवरून ओळखतात. पुढे असतो तो डॉमिनार. मग दोन क्लासिक, हिरवी आणि काळी. एक हिमालयन, जो खरंच एकदा लडाखला जाऊन आला आणि ते विसरू देत नाही. माझी हंटर 350 आहे, त्यामुळे मी 'हंटरवाली'. त्या नावाचा सिनेमा 1935 साली आला होता आणि त्यात फिअरलेस नादिया होती, हे मला ग्रुपमधल्या ज्या माणसानं सांगितलं, ते म्हणजे यझ्दीकाका.

काका 61 वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. त्यांची यझ्दी त्यांच्या लग्नाच्याही आधीची आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, या गाडीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच, तोही डावीकडे. किक मारायची, दांडा पाडायचा, तोच गिअर. काका ते इतक्या सहज करतात की बघणाऱ्याला वाटतं, बाकीच्या सगळ्या गाड्या चुकीच्या बनवल्यात. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे मागे निळसर धूर. ग्रुपमध्ये ते पहिल्यापासून सगळ्यांच्या शेवटी असतात. इंग्रजीत त्याला स्वीप म्हणतात, आम्ही शेपूट म्हणतो. का शेवटी, असं मी पहिल्या राइडला विचारलं तर म्हणाले, "अगं, धूर कुणाच्या नाकात जायला नको."

आता ग्रुपनं गाडी चालवण्याची मजा काय, हा प्रश्न मला ऑफिसात नेहमी विचारतात. एकटी का नाही जात? गर्दीच हवी तर कारनं जा, गाणी तरी ऐकता येतील. यावर मी पूर्वी काहीतरी फोटोबिटो दाखवायचे. हल्ली मी त्यांना कापूरहोळच्या वळणाबद्दल सांगते.

ग्रुपमध्ये आम्ही रांगेत नाही, तिरके चालतो. पहिला लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा एका सेकंदानं मागे डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे. म्हणजे आपल्या नेमका पुढचा माणूस दोन सेकंद लांब असतो आणि मध्ये ब्रेक मारायला, खड्डा चुकवायला जागा राहते. घाट लागला की तिरकं चालणं बंद, एकामागे एक. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो म्हणून सगळं बोलणं डाव्या हाताचं. तळवा खाली दाबला की हळू. टाकीवर टकटक म्हणजे पेट्रोल. पाय बाहेर काढला की त्या बाजूला खडी किंवा खड्डा. पुढच्यानं केलेली खूण मागच्यानं करायची, त्याच्या मागच्यानं करायची, अशी ती शेवटपर्यंत जाते. नऊ माणसांचा पाय एकापाठोपाठ एक बाहेर येतो, त्या एका खड्ड्यासाठी. मला ते बघायला फार आवडतं.

आणि वळणं. फाटा आला की लीडच्या मागचा माणूस तिथे थांबतो, गाडी कडेला घेऊन हात लांब करतो, 'इकडे'. बाकी सगळे त्याच्यासमोरून वळून जातात. तो मात्र हलायचा नाही. शेवटची गाडी दिसेपर्यंत तिथेच. शेपूट आलं, त्यानं दिवा मारला, की हा त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर नवा दुसरा. अशानं दिवसभरात प्रत्येक जण मागे-पुढे सरकत राहतो, आणि जागा बदलत नाहीत ते दोनच, पहिला आणि शेवटचा.

तर कापूरहोळ. हायवे सोडून उजवीकडे भोरला जायचा फाटा. माझी ग्रुपबरोबरची ती दुसरीच राइड होती आणि थांबायची पाळी माझी आली. डिसेंबरातले सकाळचे साडेसहा, अंधार नीट गेला नव्हता, हात लाकडासारखे. मी हात लांब करून उभी. एक गेला, दोन गेले, सगळ्यांनी हेल्मेटमधून मान हलवली आणि गेले. मग कुणीच नाही. फक्त ट्रक. चार मिनिटं झाली असतील, पण त्या चार मिनिटांत मला स्वतःचं सगळं आयुष्य मूर्खपणाचं वाटायला लागलं. पुढचे गेले, मागचा येत नाही, आपण अठ्ठावीस वर्षांची बाई हायवेवर हात लांब करून उभी आहे. आणि मग लांबून तो आवाज आला, टू-स्ट्रोकचा, पत्र्याच्या डब्यात मूठभर शेंगा हलवल्यासारखा. एक पिवळट दिवा. तो दोनदा उघडझाप झाला. बास. इतका आनंद मला पगारवाढीच्या मेलनं झालेला नाही.

(हे सगळं वाचून बाईकचे ग्रुप म्हणजे साधुसंतांची दिंडी असं कुणाला वाटेल. तसं नाही. सायलेन्सर काढून गावातून धडधडत जाणारे, म्हातारी माणसं दचकली की हसणारे, रीलसाठी घाटाच्या वळणावर गाडी आडवी घालणारे भरपूर आहेत. त्यांच्यामुळे चहाच्या टपरीवर आमच्याकडेही तशाच नजरेनं बघतात. बघू देत, कारण आहे.)

आईला मी गाडीवर जाणं अजून पटलेलं नाही, पण ती एकच प्रश्न विचारते. "काका आहेत ना मागे?" ती काकांना आजवर एकदाच भेटली आहे, दोन मिनिटं, आमच्या गेटवर. तेवढ्यात त्यांनी तिला काय सांगितलं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही.

शेवटची राइड वरंधा घाटाची ठरली. या घाटावर मार्चच्या तोंडावर फारसं कुणी जात नाही, कारण फोटोत दाखवायला हिरवं काही नसतं. मला तो असाच आवडतो. भोर सोडलं की रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेकडेनं जातो. पाणी खाली गेलेलं, काठावर एकाखाली एक मातीचे पट्टे, जणू धरणानं किती प्यायलं त्याच्या खुणा करून ठेवल्यात. भाताची खाचरं रिकामी. डोंगर वाळलेल्या गवताचे, मध्येच वणव्यानं काळे झालेले. आणि त्या सगळ्यात पळस. पान एक नाही, नुसती केशरी फुलं. काटेसावरही तशीच, खाली रस्त्यावर जाड लाल पाकळ्यांचा चिखल, त्यावरून चाक घसरतं म्हणून डॉमिनारनं पाय बाहेर काढला आणि मागून सगळ्यांचे पाय निघाले. फुलांसाठी. मी हेल्मेटमध्ये एकटीच हसले.

सकाळी निघताना 16 अंश होते, सगळे थंडीनं आखडलेले. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत जॅकेटच्या चेन उघडल्या होत्या. वाघजाईच्या देवळापाशी भजीच्या टपऱ्या आहेत, माकडंही आहेत, आणि त्यांच्यात कोण कुणाचं गिऱ्हाईक ते सांगणं कठीण. आम्ही कांदाभजी घेतली. समोर दरीत कोकण धुरकट दिसत होतं. हिमालयननं लडाख काढलं. काळ्या क्लासिकनं नवा कॅमेरा काढला. काका प्लेट घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"येताना मागे तू थांब," ते म्हणाले.

मला वाटलं, गाडीला काही झालंय. त्यांनी मान हलवली. मग अगदी एखाद्या बेअरिंगबद्दल सांगावं तसं सांगितलं. काचबिंदू आहे. फेब्रुवारीत तपासणी झाली. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. "मी वाट बघत बसलो, ठिपके कधी येणार म्हणून. तर ती मुलगी म्हणाली, काका, झालं." या आजारात आधी कडेचं दिसणं जातं, मधलं नीट दिसतं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. थेंब चालू आहेत. आहे तेवढं टिकेल, गेलं ते परत येत नाही.

"लायसन्स अजून दोन वर्षं आहे," ते म्हणाले. "डॉक्टरनं रात्री चालवू नका म्हणून सांगितलंय, बाकी तो काही बोलला नाही. पण मागच्या माणसाला कडेचं दिसलंच पाहिजे. कोण रस्ता सोडून खाली उतरलं, कुणाचा दिवा गेला, कोण डुलतंय. मधलं काय, मधलं कुणालाही दिसतं."

मी विचारलं, "दसऱ्याला?"

"हार घालायला येईन की."

मग त्यांनी माझ्या प्लेटमधलं शेवटचं भजं उचललं आणि माकडाकडे बघून म्हणाले की याच्यापेक्षा मी बरा.

परतीला मी शेवटी होते. मागून ग्रुप कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. पुढे असलं की आरशात एक दिवा दिसतो, फार तर दोन. मागून सगळं दिसतं. हिरवी क्लासिक वळणावर खांदा आधी टाकते आणि गाडी नंतर. हिमालयन एवढं बोलतो, पण उतारावर सगळ्यात सांभाळून चालवतो. आणि एक कळलं की शेपटाला आराम नसतो. पुढचे नुसते 60 वर असले तरी वळणानंतर पडलेलं अंतर भरून काढायला मागच्याला जास्त पळावं लागतं, मग लगेच ब्रेक, पुन्हा पळ. रबर ताणल्यासारखं. काका हे त्या जुन्या यझ्दीवर इतकी वर्षं करत होते.

काका लीडच्या मागे होते. म्हणून भोरच्या चौकात, जिथे पुण्याकडे वळायचं, तिथे थांबायची पाळी त्यांची आली. मी पोचले तेव्हा बाकी सगळे गेले होते. दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि कोपऱ्यावर यझ्दी. काका हात लांब करून उभे, खांद्यातून सरळ, कवायतीला उभं राहावं तसे. मी डावीकडून येत होते. ते मला दिसत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. त्यांनी पूर्ण मान वळवली, मग मला शोधलं. मी दोनदा दिवा मारला. त्यांनी हात खाली घेतला, किक मारली आणि माझ्या पुढे रांगेत शिरले.

तिथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत निळा धूर माझ्या नाकात होता.

बोगद्यानंतर ग्रुप सुटतो. कुणी वारज्याला, कुणी सिंहगड रस्त्याला, एकेक जण हॉर्न देऊन गळतो. मग घरी पोचून ग्रुपवर 'पोचलो' लिहायचं आणि सगळ्यांचं आलं की काका लिहायचे, 'सगळे पोचले. झोपा.' हे काम शेपटाचं. मी गाडी लावली, हेल्मेटसकट जिन्यात बसले आणि मोजत राहिले. पावणेतीनपर्यंत सात आले, माझा धरून आठ. तीन वाजले. सव्वातीन. काकांचं घर सगळ्यात जवळ.

फोन केला. चौथ्या रिंगला उचलला. मागे पाण्याचा आवाज, गाडी धूत होते.

"काका, पोचलो लिहिलं नाहीत."

"मी कशाला लिहू? मी कधी लिहितो?"

"आता लिहावं लागतं."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. दोन मिनिटांनी ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला, एकच शब्द. त्याच्याखाली मी लिहिलं, 'सगळे पोचले. झोपा.'