डॉलर आणि पात्यावरची कपाशी

परवा जुन्या वहीत सिंगापूरच्या सहलीचा हिशोब सापडला. मे २०१३ मध्ये मांडलेला, तेव्हा डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता. १४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवण्याची वार्षिक मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली. आम्हाला कुठे एवढे लागणार होते! तरी धास्ती बसलीच. २८ तारखेला डॉलर ६८च्या पुढे.

वडीगोद्रीला अण्णांना फोन केला. कपाशी पात्यावर होती. "डॉलर चढला की कापसाला भाव येतो," ते खुशीत म्हणाले. मग जरा थांबून, "पण डीएपी अन् डिझेलचं तेलबी बाहेरूनच येतंय की."

सहल रद्द केली. दिवाळीला गावी गेलो, तर अण्णांनी आधी विचारलं, "पोरं रुसली नाहीत ना?"