भरल्या वाटीपाशी

शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. साचलेलं, न हलणारं पाणी त्याच्या लेखी पाणीच नसतं. पानावरून ओघळणारा थेंब उजेडात चमकला की मग त्याचं लक्ष जातं. आमच्याकडे आलेल्या मादीच्या काचेच्या पेटीत चिनी मातीची एक सुबक वाटी होती; रोज घासलेली, रोज काठोकाठ भरलेली. त्या वाटीपासून वीतभर अंतरावर ती बसून असायची. तिचे डोळे खोबणीत आत गेले होते, आणि विष्ठेसोबत पडणारा जो भाग पांढरा असायला हवा तो गर्द नारिंगी झाला होता. दोन्ही लक्षणं तहानेची.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. सरपटणारे प्राणी सांभाळणं ज्यांना झेपेनासं होतं अशा घरांतून ते आणून बरे करणाऱ्या इथल्या काही मंडळींबरोबर मी काम करते. ही मात्र ओळखीतल्याच एका मराठी घरातून आली. मुलाच्या वाढदिवसाला आणलं तेव्हा बोटाएवढं पिल्लू होतं. मुलाने सिनेमातल्या सरड्यावरून नाव ठेवलं, रँगो. ही जात व्हेल्ड शॅमेलिऑनची, मूळची येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातली, डोक्यावर उंच तुरा असलेली. या जातीच्या नराला अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच मागच्या पायांच्या टाचेवर बारीक काटा असतो. मी आधी टाचा पाहिल्या. काटा नव्हता. रँगो मादी होती, आणि हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पेटीवर दिवाही होता आणि तोही रोज वेळेवर लागत होता. पण शॅमेलिऑनच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार व्हायला अतिनील-ब किरण लागतात. ते मिळाले नाहीत तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि रक्तातली तूट भरून काढायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसत राहतं. हे किरण देणाऱ्या खास ट्यूब मिळतात. वर्षभरात, काहींचा तर त्याआधीच, जोर ओसरतो. माणसाच्या डोळ्यांना मात्र उजेड पहिल्यासारखाच दिसतो. खिडकीतल्या उन्हाने भागत नाही, कारण साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे तिच्यासमोर पाणी होतं, डोक्यावर उजेड होता, आणि त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाडं पांढरी, ठसठशीत दिसायला हवीत. हिची आजूबाजूच्या मांसासारखीच करडी होती, कुठे हाड संपतं आणि कुठे मांस सुरू होतं ते नीट कळेना. उजव्या पुढच्या पायाचं हाड कमानदार वाकलेलं. डाव्या मांडीत कधीतरी मोडून आपसूक वेडंवाकडं जुळलेलं हाड. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर लवत होता. फांदी धरायला निघालेला तिचा पंजा भलतीकडेच जायचा, स्वतःच्याच दुसऱ्या पायाला पकडायचा, आणि मग ती तशीच अडकून बसायची.

या गोष्टीत क्रूर कुणीच नाही, आणि मला ते फार लागतं. त्या घरात माया होती. मुलगा पेटीशेजारी बसून गृहपाठ करायचा. आई कामावर जाण्याआधी वाटी घासायची. थंडीत पेटी उबदार राहावी म्हणून वडील हीटरची काळजी घेत. आपल्याला जे लागतं ते सगळं त्यांनी तिला मनापासून दिलं. तिला काय लागतं हे बघायचं तेवढं राहून गेलं. उपासमार करणाऱ्याला आतून कुठेतरी टोचत तरी असेल. प्रेमाने केलेल्या आबाळीत टोचायला काही नसतं, म्हणून ती महिनोन्महिने चालते. कुत्रं दाराशी येऊन केकाटतं, मांजर भांडं उलटं करतं. शॅमेलिऑन काहीच करत नाही. रानात अशक्त दिसला तो मेला, म्हणून तो आपलं दुखणं अगदी शेवटापर्यंत झाकून ठेवतो. भर दुपारी डोळे मिटून बसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ‘हल्ली खूप झोपते’ एवढंच त्या घरातल्यांना जाणवलं होतं. मला राग येतो तो विकणाऱ्याचा. त्याला हे सगळं माहीत असतं. पैसे घेऊन पिल्लू हातात देताना वाटीबद्दल आणि ट्यूबबद्दल दोन वाक्यं बोलायला त्याचं काय गेलं असतं?

आम्ही काचेची पेटी काढून उंच जाळीचा पिंजरा लावला, हवा खेळती राहावी म्हणून. आत झाडं लावली ती मनी प्लांट आणि जास्वंद. व्हेल्ड शॅमेलिऑन किड्यांबरोबर पालाही कुरतडतो आणि जास्वंदीची पानंफुलं त्याला चालतात, हे वाचलं तेव्हा मला आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटलं. वर बारीक नळीचं भांडं टांगलं, त्यातून पानांवर थेंब थेंब पाणी पडत राही. पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही. मग एक थेंब नाकाडावर पडून ओठाच्या कडेने उतरला. तिचा एक डोळा वळला, दुसरा माझ्यावरच रोखलेला. जबडा किंचित उघडला, मिटला. गळ्याखालची सैल कातडी खालीवर झाली. पुन्हा थेंब, पुन्हा घोट. मग ती मान वर करून पानाच्या टोकाला तोंड लावून पीत राहिली, इतका वेळ, की माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमचं पातळ औषध बिनसुईच्या सिरिंजने जबड्याच्या कडेला थेंबाथेंबाने द्यायचं. रातकिडे विकत आणायचे, त्यांना आधी दिवसभर गाजर, रताळं, हिरवा पाला खाऊ घालायचा, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून तिच्यापुढे ठेवायचे. किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी तिच्या पोटात जातं. सुरुवातीला ते चिमट्याने तिच्या तोंडाशी न्यावे लागत. जीभच सुटत नव्हती. शॅमेलिऑनच्या जिभेत एक टोकदार हाड असतं. त्याच्याभोवतीचा स्नायू आवळला की आतल्या लवचीक आवरणांत ताण साठतो, आणि तो एकदम सुटला की जीभ बाणासारखी बाहेर पडते, अंगाच्या लांबीहूनही लांब. त्या ताणाच्या जोरामुळेच अंग गार असतानाही ती जवळजवळ तेवढ्याच वेगाने सुटते. 2010 साली याच जातीवर झालेल्या प्रयोगांत ते दिसून आलं. पण स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं, आणि हिच्याकडे तेच नव्हतं. जीभ ओठापर्यंत यायची, लोंबायची, हळूहळू आत जायची. एका सकाळी मी ट्यूबखालची जाळी पुसत होते. कानाजवळ ‘टप्’ असा आवाज झाला आणि पलीकडच्या भांड्यातला रातकिडा नाहीसा झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

तिला मात्र माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि ते मला मान्य करावं लागलं. मी समोर आले की ती गडद व्हायची, अंगावर काळपट पट्टे उठायचे. आपल्याकडे रंगबदलूपणावरून सरड्याला आणि माणसाला एकदमच नावं ठेवतात, पण शॅमेलिऑनचे रंग मुख्यतः त्याच्या मनःस्थितीचे आणि तापमानाचे असतात. त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने मांडलेले असतात. कातडी सैलावली-ताणली की स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि परत येणारा प्रकाशही बदलतो. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये हे दाखवलं. तिच्या कातडीवर मला रोज वाचता येत होतं की मी जवळ नको आहे. मग पिंजऱ्यासमोरची माझी खुर्ची भिंतीशी नेली, नंतर खोलीबाहेर. झाडांची दाटी वाढवली. दारात उभी राहिले तरी ती हिरवीच राहू लागली, तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्या लाडक्या कुत्र्याने शेपूट हलवूनही झाला नसता.

आणि मग अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले. अंडी धरल्याची ही खूण. या जातीच्या मादीला नर कधी भेटला नाही तरी ती अंडी धरते, आणि घालायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. हाडं नुकती कुठे सावरत होती. त्यात अंडी कॅल्शियम ओढून घेणार. खाणं बेताचं ठेवलं, कारण भरपूर खाल्लं की अंडीही भरमसाट होतात, आणि पिंजऱ्यात ओलसर रेती-मातीची खोल बादली ठेवली. खणताना कुणी पाहतंय अशी शंका आली तर मादी काम अर्धवट टाकते, म्हणून जाळीवर जुनी सुती साडी पांघरली आणि आत फोन उभा करून ठेवला. चिपळूणला माझ्या आईच्या फोनवरही तेच चित्र. तिकडे अपरात्र, पण आई जागी. “वाकड्या हातानंच खणतेय गं,” ती म्हणाली, “माहेर नाही, कोण नाही. पण जागा बरोब्बर शोधलीन हो पोरीनं.” रेती उकरायची, थांबायचं, जबडा टेकून दम घ्यायचा, पुन्हा उकरायची. मग पाठमोरी आत शिरली. बाहेर आली ती चपट्या पोटाची. भोक बुजवून तिने वरून माती दाबली, तीही त्याच हाताने. तीसेक अंडी होती, अर्थात सगळी वांझ.

त्यानंतर आई घोयऱ्याबद्दल बोलायला लागली. कोकणातला घोयरा सरडा, कुठे त्याला सरडगुहिरा म्हणतात, हाही शॅमेलिऑनच. भारतात आढळणारी ही एकच जात. आमच्या काजूच्या बागेत दिसायचा आणि दिसला की गडी दगड घ्यायचे, कारण तो विषारी अशी ठाम समजूत. त्याच्यात विष मुळीच नाही. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, रस्ता ओलांडताना एकेक पाऊल झुलवत टाकते आणि गाडीखाली येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला घरात पाळणंही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आईने आता गड्यांना सांगून ठेवलंय, घोयऱ्याला हात लावलात तर कामावर येऊ नका.

लोक मला विचारतात, बरी झाली तर सोडत का नाहीस? कुठे सोडू? इलिनॉयचा पहिला हिवाळा तिला मारेल. फ्लोरिडात आणि हवाईत पाळीव म्हणून आणलेल्या याच जातीचे सरडे मोकळे झाले, वाढले, आणि आता तिथल्या जिवांना उपद्रव ठरलेत. येमेनच्या डोंगरात ती कधी नव्हतीच; तिचा जन्म कुणाच्या तरी तळघरातल्या पेटीतला असणार. शॅमेलिऑन घरात असूच नये असं माझं मत आहे, आणि या एकीला घराशिवाय दुसरी जागा नाही हेही खरं आहे. हाडं आता एक्स-रेमध्ये पांढरी दिसतात, पण वाकलेली होती तशीच वाकलेली राहून टणक झालीत. उजवा हात फांदीवर उलट्या बाजूने टाकून चढायची तिने स्वतःची रीत बसवली आहे. अशा माद्या तशाही फार वर्षं जगत नाहीत, आणि दर खेपेची अंडी तिचं आयुष्य थोडं थोडं खात राहणार.

तो मुलगा शनिवारी येतो. पहिल्या वेळी आईमागे उभा राहून रडला, आत यायला तयार नव्हता. मी त्याला तिची कामं वाटून दिली. रातकिड्यांना गाजर किसून घालायचं, थेंबाचं भांडं भरायचं, जास्वंदीची किडकी पानं खुडायची. “तिला मी आठवतो का?” त्याने विचारलं. मी म्हणाले, बहुतेक नाही. तो थोडा वेळ गप्प होता. मग मला म्हणाला, “काकू, ट्यूब कधी लावली होतीस?” मी सांगितलं. त्याने मार्कर आणला, स्टुलावर चढला आणि ट्यूबच्या टोकाला तारीख लिहिली.