बाबांची मान

सक्करदऱ्याच्या घरी गाण्यावरून बाबांचं नि माझं कधी पटलं नाही. गिटार म्हणजे त्यांच्या लेखी कॉलेजातल्या पोरांचा धिंगाणा! एका रविवारी मुद्दाम 'रिमेम्बर शक्ती'ची सीडी लावली. डिसेंबर २००० मध्ये मुंबईच्या मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली. जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, झाकिर हुसेनचा तबला. जॅझमध्ये एकेकाचं वाजवून झालं की टाळ्या पडतात. मुंबईकर कुठले थांबायला!

बाबा पेपर वाचत होते. "लोक समेवर दाद देऊन राहिले रे," पेपरामागून आवाज आला. मग पेपर खाली. आणि एका तिहाईला त्यांची मान हलली. चक्क गिटारवर! मी पाहिलंच नाही असं दाखवलं, नाहीतर लगेच पेपर वर गेला असता.

आता बाबा नाहीत. त्या टाळ्या आल्या की मी उगाच खुर्चीकडे बघतो.